अर्बुदवाढीच्या गणिती मॉडेलवर बसवण्यासाठी खरा डेटा कुठे मिळेल?

प्रश्न — रिकामी_वही

नमस्कार. मी गणिताच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात आहे. अर्बुदाच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठीच्या, वाढीची साधी विकलक समीकरणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. घातांकी, लॉजिस्टिक, गोम्पर्ट्झ आणि फॉन बर्टालान्फी ही चार मॉडेले मी सोडवली आहेत, त्यांचे स्थिरबिंदू तपासले आहेत आणि पायथनमध्ये आलेखही काढले आहेत. मार्गदर्शकांनी ते प्रकरण वाचले आणि समासात पेन्सिलीने एकच ओळ लिहिली : "यातली गाठ कोणाची?" तेव्हापासून मी खऱ्या मोजमापांच्या शोधात आहे.

नवशिके जिथे जातात तिथेच मी आधी गेलो. विस्कॉन्सिनचा स्तनकर्करोगाचा प्रसिद्ध संच उतरवून घेतला. त्यात 569 नमुने आहेत आणि प्रत्येकाची 30 वैशिष्ट्ये दिलेली आहेत, परंतु काळाचा स्तंभच नाही. मग द कॅन्सर जीनोम ॲटलास पाहिला. तिथे 33 प्रकारच्या कर्करोगांचे 11,000हून अधिक रुग्ण आहेत, मात्र जवळपास प्रत्येकाची गाठ एकदाच तपासलेली आहे. आयसीएमआरच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे अहवालही चाळले. लाख लोकसंख्येमागे किती नवे रुग्ण आढळले हे त्यांतून कळते, पण एखाद्या गाठीचे पुढे काय झाले हे कळत नाही. शेवटी एका रुग्णालयाला सविस्तर पत्र पाठवले. त्याला दोन महिन्यांत उत्तर आलेले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांनी ते का द्यावे, हेही मला आता कळेनासे झाले आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. एकाच गाठीची वेगवेगळ्या दिवशी घेतलेली मोजमापे कुठे खुली उपलब्ध आहेत का? आणि मॉडेलमध्ये तीन प्राचले, म्हणजे डेटावरून ठरवायचे स्थिरांक, असतील, तर प्रत्येक गाठीची किमान किती मोजमापे हाताशी असावीत?


उत्तर — पिंजरा_क्रमांक_सात

मी काही वर्षे प्राण्यांवरील प्रयोगांच्या विभागात काम केले आहे, त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो. "कर्करोगाचा डेटा" असे शोधाल तर निदानाचे आणि जनुकांचे संच मिळत राहतील. "वाढीच्या वक्रांचा डेटा" किंवा "गाठीच्या आकारमानाची कालक्रमाने घेतलेली मोजमापे" असे शोधा. उपचार न घेतलेल्या माणसाच्या गाठीचा दीर्घकाळचा वक्र सहसा अस्तित्वातच नसतो, कारण गाठ सापडल्यावर डॉक्टर ती वाढू देत बसत नाहीत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील 1805 ते 1933 या काळातील उपचारांविना राहिलेल्या 250 स्तनकर्करोग रुग्णांची नोंद 1962 साली प्रसिद्ध झाली आणि नॉर्टन यांनी 1988 साली गोम्पर्ट्झ मॉडेलसाठी तिचा आधार घेतला. परंतु त्या नोंदीत रुग्ण किती काळ जगले एवढेच आहे, गाठी किती मोठ्या होत गेल्या हे नाही. म्हणून तुमच्या प्रकल्पासाठी उंदीर हाच सरळ मार्ग आहे.

सुरुवात बेन्झेक्री आणि सहकाऱ्यांनी 2014 साली प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजीत प्रसिद्ध केलेल्या लेखापासून करा. त्यांनी दोन प्रयोग वापरले आहेत. एकात सी57बीएल/6 जातीच्या उंदरांच्या त्वचेखाली लुईस फुप्फुस कर्करोगाच्या पेशी टोचल्या होत्या, तर दुसऱ्यात प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांच्या स्तनग्रंथीत मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी. प्रत्येकी 10 लाख पेशी टोचल्या असल्यामुळे सुरुवातीचे आकारमान साधारण 1 घन मि.मी. धरता येते, आणि गणितवाल्याला आयती आरंभ-अट मिळते. त्याच गटाचा 2020 सालचा पुढचा लेख 94 प्राण्यांच्या 833 मोजमापांवर आधारलेला आहे आणि त्याचा डेटा झेनोडो या खुल्या डेटा-संकेतस्थळावर ठेवलेला आहे. तिथे प्रत्येक प्राण्याच्या नोंदी वेगळ्या आहेत, फक्त सरासरी दिलेली नाही. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

त्याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. समजा, तीन उंदरांच्या गाठी 900, 1100 आणि 1900 घन मि.मी. आहेत. सरासरी 1300 झाली. प्राणी-नीतीच्या नियमांप्रमाणे गाठ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तो उंदीर प्रयोगातून काढून त्याला वेदनारहित मरण द्यावे लागते. ही मर्यादा अनेक ठिकाणी 1500 ते 2000 घन मि.मी.च्या आसपास असते. तिसरा उंदीर गेला. दोन दिवसांनी उरलेल्या दोघांच्या गाठी 1050 आणि 1300 झाल्या, म्हणजे दोन्ही वाढल्या, पण सरासरी 1175 वर उतरली. आलेखावर हा वक्र आधी वाकतो, मग सपाट होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की लॉजिस्टिकची धारणक्षमता, म्हणजे वाढ जिथे थांबते ते कमाल आकारमान, सापडली. प्रत्यक्षात ती धारणक्षमता गाठीने ठरवलेली नसते, ती नीती समितीच्या नियमातून आलेली असते. छापील लेखांत सरासरी आणि तिच्यावरचे उभे दांडे एवढेच दिसत असतील, तर शेवटच्या काही बिंदूंच्या वेळी किती प्राणी उरले होते हे आधी शोधा. तो आकडा दिलेला नसेल, तर ते बिंदू मी वापरणार नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. गाठ कॅलिपरने मोजतात : एक लांबी, तिला काटकोनात एक रुंदी, आणि आकारमान म्हणजे π/6 गुणिले रुंदीचा वर्ग गुणिले लांबी. लांबी 12 आणि रुंदी 9 मि.मी. असेल तर आकारमान सुमारे 509 घन मि.मी. येते. त्याच गाठीवर माझ्या सहकारी मुलीने रुंदी 9 लिहिली आणि मी 10 लिहिली, असे कितीदा तरी घडले आहे, कारण उंदीर हलतो, त्वचा दबते आणि केसांमुळे कड नीट कळत नाही. रुंदी 10 घेतली की आकारमान 628 होते, म्हणजे एका मिलिमीटरने जवळजवळ 23 टक्क्यांचा फरक पडतो. काही प्रयोगशाळा π/6 ऐवजी सरळ 1/2 घेतात. दोन लेखांतील डेटा एकत्र करण्याआधी कोणी कोणते सूत्र वापरले हे तपासा. त्रुटी सर्व आकारांना सारखी नसते, गाठीबरोबर वाढते, पण अगदी प्रमाणात वाढत नाही. म्हणून साधी लघुतम वर्ग पद्धत लावली तर मोठ्या गाठी वक्र आपल्याकडे ओढून घेतात, आणि नुसता लॉगॅरिदम घेतला तर पहिल्या आठवड्यातील, जेमतेम हाताला लागणाऱ्या गाठींचा गोंधळ डोक्यावर बसतो. वरच्या 2014 सालच्या लेखात यासाठी वेगळे त्रुटी-मॉडेल बांधलेले आहे. ते तसेच्या तसे घ्या.


उत्तर — मधली_फळी

मी औषध-चाचण्यांच्या संख्याशास्त्रात काम करते. वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र माणसांचा डेटा मिळतच नाही असा समज होऊ नये म्हणून थोडी भर घालते. उपचार घेत असलेल्या माणसांच्या गाठींची कालक्रमाने घेतलेली मोजमापे भरपूर आहेत, कारण प्रत्येक चाचणीत ठरावीक आठवड्यांनी स्कॅन होतो. प्रोजेक्ट डेटा स्फिअर हे संकेतस्थळ 2014 साली सुरू झाले. तिसऱ्या टप्प्यातील चाचण्यांच्या, मुख्यतः तुलनेसाठीच्या गटांच्या, नोंदी तिथे नाव नोंदवून आणि अटी मान्य करून विनामूल्य मिळतात. विव्हली आणि येल विद्यापीठाचा योडा हे प्रकल्पही आहेत, परंतु तिथे संशोधन-प्रस्ताव लिहावा लागतो आणि मंजुरीला वेळ लागतो. एका सत्राच्या प्रकल्पाने त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

हा डेटा घेतलात तर तुमची चारही मॉडेले जशीच्या तशी चालणार नाहीत. ती मोकळ्या वाढीची आहेत आणि इथे गाठ आधी आक्रसते, मग काही रुग्णांत पुन्हा वाढू लागते. स्टाइन आणि फोजो यांचे मॉडेल या कामासाठी अत्यंत साधे आहे : एक घातांकी पद घटणारे, एक वाढणारे, आणि दोघांच्या बेरजेतून 1 वजा, म्हणजे आरंभीचे मूल्य 1 राहते. वाढीचा दर आणि घटीचा दर अशी दोनच प्राचले असल्यामुळे ते चार-पाच मोजमापांवरही बसते. क्लॅरे आणि सहकाऱ्यांचे 2009 सालचे मॉडेल औषधाची मात्राही विचारात घेते. माणसांच्या डेटावर नेहमीची मॉडेले ताडून पाहिल्याचे उदाहरण हवे असेल, तर 2022 साली पाच चाचण्यांतील 1472 रुग्णांवर केलेला अभ्यास वाचा. बसण्याची अचूकता आणि प्राचलांची संख्या यांचा तोल त्यातही गोम्पर्ट्झनेच चांगला साधला होता.

मात्र आकडा कशाचा आहे हे पाहून घ्या. चाचण्यांत 2009 साली ठरलेले रेसिस्ट 1.1 हे निकष चालतात. त्यांत आकारमान नसते, लांबात लांब व्यासांची बेरीज असते. रुग्णाच्या जास्तीत जास्त पाच गाठी, आणि एका अवयवातील फार तर दोन, निवडल्या जातात. बेरीज 30 मि.मी.वरून 36 मि.मी. झाली की 20 टक्के वाढ होते आणि आजार बळावला असे नोंदले जाते. एकच गोल गाठ असेल तर तिचे आकारमान तोवर 73 टक्क्यांनी वाढलेले असते. विकलक समीकरण आकारमानाचे आणि डेटा व्यासाचा, हा घोळ मी परीक्षकांसमोरच्या सादरीकरणांतही पाहिला आहे. दुसरे असे की आजार बळावला की तो रुग्ण बहुधा त्या औषधावरून काढला जातो आणि त्याची मोजमापे तिथेच थांबतात. वर उंदरांबद्दल जे सांगितले आहे तेच इथे वेगळ्या वेषात येते : ज्यांच्या गाठी वेगाने वाढतात त्यांचेच बिंदू कमी. हे नुसते गहाळ मूल्य म्हणून सोडून दिले, तर वाढीचा दर कमी भासतो.

किती मोजमापे, या तुमच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर नाही. तीन प्राचलांसाठी तीन बिंदू असले की वक्र बिंदूंमधून जातो, पण त्यातून कळत काहीच नाही. बिंदू किती आहेत यापेक्षा ते वक्राच्या कोणत्या भागात पडले आहेत हे पाहावे. सगळे बिंदू सुरुवातीच्या चढात असतील, तर पंधरा मोजमापांवरूनही धारणक्षमता कळणार नाही. याउलट, मिक्स्ड इफेक्ट्स पद्धतीने सर्व प्राण्यांचा डेटा एकत्र बसवला तर प्रत्येकाचे थोडे बिंदूही उपयोगी पडतात, कारण एकाच्या उणिवेत दुसऱ्याची माहिती मदतीला येते. 2014 सालच्या त्याच लेखात फक्त तीन बिंदूंवरून पुढचा पूर्ण वक्र वर्तवण्याचे यश, इतर उंदरांच्या प्राचलांची माहिती जोडल्यावर, घातनियमाच्या मॉडेलसाठी 14.9 टक्क्यांवरून 62.7 टक्क्यांवर गेले होते.


उत्तर — चित्रफीत_उलगडा

प्रतिमांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पुढेमागे तुम्ही अवकाशी, म्हणजे गाठ जागेत कशी पसरते हे सांगणाऱ्या, मॉडेलकडे वळाल. ब्रॅट्स हा मेंदूतील अर्बुदांचा संच सर्वत्र सुचवला जातो, परंतु त्यात बहुतेक रुग्णांचा एकाच वेळचा एमआरआय आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथून 2022 साली आलेला ल्युमिएर हा संच तुमच्या कामाचा आहे : ग्लिओब्लास्टोमा या मेंदूतील अर्बुदाचे 91 रुग्ण आणि वेगवेगळ्या तारखांचे 638 स्कॅन. ते सर्व रुग्ण शस्त्रक्रिया आणि उपचार झालेले आहेत हे ध्यानात ठेवा.

विसरण (पेशींचे आजूबाजूला पसरणे) आणि वाढ यांचे जोडसमीकरण वापरणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी की गाठीच्या कडेचा वेग विसरणांक आणि वाढदर यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या दुप्पट येतो. म्हणजे दोन तारखांच्या प्रतिमांतून गुणाकार मिळतो, दोन्ही संख्या वेगळ्या मिळत नाहीत. म्हणूनच स्वॉन्सन यांच्या गटाने एकाच तारखेच्या दोन प्रकारच्या एमआरआय प्रतिमांमधील गाठीच्या आकारांतील फरकातून त्या दोहोंचे गुणोत्तर काढण्याची युक्ती वापरली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय फुप्फुस तपासणी चाचणीतही एकाच व्यक्तीचे वर्षागणिक तीन सीटी स्कॅन आहेत. तीन बिंदूंतून दुप्पट होण्याचा काळ काढता येईल, गोम्पर्ट्झचा बाक मात्र दिसणार नाही. शिवाय, वार्षिक तपासणीच्या जाळ्यात हळू वाढणाऱ्या गाठी अधिक सापडतात, तर वेगाने वाढणाऱ्या दोन तपासण्यांच्या मधल्या काळातच लक्षणे देऊन मोकळ्या होतात. सापडलेल्या गाठींची सरासरी म्हणजे सर्व गाठींची सरासरी नव्हे.


रिकामी_वही

आपणा तिघांचे मनापासून आभार. उंदरांचाच संच घ्यायचे ठरवले आहे. आणखी दोन शंका आहेत. जुन्या लेखांतील आलेखांवरून बिंदू वाचून घेतले तर ते ग्राह्य धरतात का? आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या गोलांचा, म्हणजे स्फेरॉइडांचा, डेटा अधिक स्वच्छ असतो असे एका व्याख्यानात ऐकले. ते खरे आहे का?


उत्तर — पिंजरा_क्रमांक_सात

ग्राह्य धरतात, आपण तसे केल्याचे लिहिले तर. वेबप्लॉटडिजिटायझर हे साधन यासाठी सर्रास वापरले जाते. सारापाटा आणि डी पिलिस यांनी 2014 साली अनेक प्रकारच्या कर्करोगांसाठी वाढीच्या मॉडेलांची तुलना केली, तीही प्रसिद्ध लेखांतून गोळा केलेल्या डेटावरच. आलेख वाचताना उभा अक्ष लॉगॅरिदमचा आहे का हे आधी पाहा. तसेच वाचण्याची त्रुटी आणि मूळ मोजण्याची त्रुटी वेगळ्या ठेवा, कारण पहिली तुम्ही तोच आलेख तीनदा वाचून स्वतः मोजू शकता. आलेखातील बहुतेक वक्र सरासरीचे असतात, त्यामुळे माझी आधीची तक्रार इथेही लागू आहे.

स्फेरॉइडांचा डेटा स्वच्छ असतो हे खरे, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. ब्राउनिंग आणि सहकाऱ्यांच्या 2021 सालच्या लेखात त्वचेच्या मेलॅनोमाच्या पेशींचे गोल 2500, 5000 आणि 10,000 पेशींपासून वाढवले आहेत आणि आतला मृत गाभा, मधला थांबलेला थर व बाहेरचा वाढणारा थर असे सगळे मोजले आहे. ग्रीनस्पॅन यांचे 1972 सालचे मॉडेल तपासायला यापेक्षा चांगली सामग्री मला माहीत नाही. मात्र आतील थर पाहण्यासाठी तो गोल माध्यमातून काढून, रसायनात स्थिर करून, रंगवावा लागतो. म्हणजे चौथ्या दिवसाचा गोल आणि दहाव्या दिवसाचा गोल हे दोन वेगळे गोल असतात. हा डेटा वापरताना "एकाच गाठीचा वक्र" असे लिहू नका.


रिकामी_वही

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. झेनोडोवरील फुप्फुस कर्करोगाच्या उंदरांवर चारही मॉडेले, आधी एकेका उंदरासाठी आणि मग मिक्स्ड इफेक्ट्स पद्धतीने, बसवली. लॉजिस्टिकची धारणक्षमता जवळपास प्रत्येक उंदराच्या शेवटच्या मोजमापाच्या थोडी वर येऊन बसते. शेवटचे दोन बिंदू झाकले की ती खाली सरकते. गोम्पर्ट्झ दिसायला सुरेख बसतो, पण त्याची दोन प्राचले एकमेकांविरुद्ध मांडली की सर्व उंदीर जवळजवळ एका सरळ रेषेत उभे राहतात. माझ्या संगणक-आज्ञावलीत चूक आहे की हे असेच असते?


उत्तर — मधली_फळी

असेच असते, आणि तुम्ही ते स्वतः शोधले याचा आनंद वाटला. मोजमापे थांबली तिथे धारणक्षमता थांबते, याचा अर्थ डेटात तिची माहिती नाही. गोम्पर्ट्झची ती रेषा 2020 सालच्या लेखाचा गाभाच आहे. दोन प्राचले बांधलेली असल्यामुळे त्यांनी सर्व प्राण्यांना एक सामाईक प्राचल आणि प्रत्येक प्राण्याला केवळ एक स्वतंत्र प्राचल दिले, आणि मग गाठ केव्हा सुरू झाली असावी याचा मागे जाऊन अंदाज घेतला. तुम्ही तेच करून पाहा. त्यानंतर शेवटचे बिंदू झाकून पुढचे वर्तवण्याची परीक्षा घ्या. फुप्फुसाच्या डेटावर पुढच्या एका दिवसापलीकडे कोणत्याही मॉडेलचे भाकीत नीट उतरले नव्हते, तर स्तनाच्या डेटावर 12 दिवसांपर्यंत उतरले. तुमच्या हाती तेच आले तर निराश होऊ नका, ते प्रबंधात लिहा. मर्फी आणि सहकाऱ्यांचा 2016 सालचा लेखही सोबत वाचा. एकाच डेटावर सात मॉडेले बसवल्यावर त्यांची भाकिते किती वेगळी निघतात, आणि मॉडेल बदलले की गाठ रोखायला लागणाऱ्या औषधाचा अंदाजही कसा बदलतो, हे त्यांनी दाखवले आहे.


उत्तर — पिंजरा_क्रमांक_सात

एक छोटी भर. तक्त्यात प्रत्येक उंदरापुढे शेवटच्या मोजमापाचा दिवस आणि त्या दिवसाचे आकारमान असे दोन स्तंभ ठेवा. कोणत्या उंदराची मालिका लवकर संपली हे वाचकाला एका नजरेत दिसले पाहिजे. आणि मार्गदर्शकांनी समासात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मजकुरातच द्या : उंदराची जात, पेशींचा प्रकार, किती पेशी कुठे टोचल्या आणि आकारमानाचे सूत्र कोणते.